लोकसंख्या एक

खैरमाळची लोकसंख्या एक आहे, असं वाटाड्याने मंगळवारी सकाळी ठरवलं. त्या यादीवर सही करायचं काम कोमल झोरेचं होतं, आणि खैरमाळ हे तिचं गाव होतं.

तिने चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. 'थांबा ३८, खैरमाळ. रहिवासी १. एक एप्रिलपासून थांबा बंद करण्याची शिफारस.' काळगंगा खोऱ्यातल्या चौसष्ट थांब्यांच्या यादीत ही ओळ इतकी निमूट बसली होती, की घाईत असती तर कोमलने तिच्यावरही सही ठोकली असती. तिने गावाकडे वडिलांना, आबांना, फोन लावला.

"आबा, आपल्या गावात माणसं किती?"

"का गं? जेवाय घालतीयास का?"

"सांगा ना."

आबांनी घरं मोजत मोजत आकडा सांगितला. "त्रेचाळीस. धोंडीच्या सुनंचं दिस भरत आल्यात, म्हंजी म्हैन्याभरात चव्वेचाळीस. हौसाक्काची म्हस धरायची असली तर तीबी धर, तिचा रुबाब मानसापरीस जास्त हाय."

कोमलला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. ती तशीच उठून देवस्थळी सरांच्या खोलीत गेली. देवस्थळी सर खोऱ्यातल्या गाड्या चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख, वाटाड्या या यंत्राचे जनक. सज्जन माणूस, पण स्वतःच्या लेकराची तक्रार ऐकताना बापाचं तोंड होतं तसं त्यांचं तोंड झालं.

"यंत्र चुकत नाही, कोमल. माहिती चुकते. तू जा, प्रत्यक्ष माणसं बघ, नोंद करून आण. मग दुरुस्ती करू."

"दुरुस्तीला किती दिवस लागतील?"

"सात. नेहमीचेच."

गुरुवारी सकाळी ती घाट चढायला लागली. सहा आसनांच्या बिनचालकाच्या गाडीत ती एकटीच होती. खोऱ्यातले लोक या गाडीला 'डबी' म्हणत. बाहेर मार्चचं ऊन मी म्हणत होतं आणि डोंगरभर पिवळं गवत कमरेइतकं उभं होतं. लहानपणी तिने इतकं गवत पाहिलं नव्हतं. तेव्हा पौषात गावचे बाप्ये वस्तीभोवती हातभर रुंद, कुठे पुरुषभर रुंद गवताचे पट्टे स्वतःच जाळून काळे करत, म्हणजे पुढे वणवा आलाच तर त्या जाळरेषेवर येऊन थांबे. आता खोऱ्यात धुराला बंदी होती. डिझेललाही होती. 'राहण्यायोग्य खोरं' हा पुरस्कार काळगंगेला मिळाला, तो त्याच स्वच्छ हवेमुळे. पुरस्कार घेतानाचा फोटो संस्थेच्या भिंतीवर होता, आणि त्यात डावीकडून तिसरी कोमल होती.

वाटाड्याचं तत्त्व तसं शाळकरी पोरालाही कळेल असं होतं. जनगणना होते दहा वर्षांनी, तोवर निम्मं गाव शहरात गेलेलं असतं. मग गाड्या कुठे पाठवायच्या, किती पाठवायच्या, हे कशावरून ठरवणार? तर माणसांच्या येण्याजाण्यावरून. प्रत्येकाला एक प्रवासकार्ड. चढताना टेकवायचं, उतरताना टेकवायचं. कोण किती वाजता निघतं, कुठे उतरतं, किती वेळ थांबून परततं, यावरून वाटाड्या प्रत्येक कार्डाची एक चाल शिकत असे. त्याला नाव, जात, वय काही माहीत नव्हतं. ते माहीत नसावं अशीच त्याची रचना होती, आणि कोमलला त्याचा अभिमान होता. कार्ड हलतं, म्हणजे माणूस आहे. पंचेचाळीस दिवस हललं नाही, तर माणूस गेला असं धरून कार्ड बंद.

धरणाखालच्या सौरपट्ट्यावर सव्वीस डब्या चार्ज होत. सबंध खोऱ्याला तेवढ्याच. त्यांतली एकही रिकामी फिरू नये, एकही युनिट वाया जाऊ नये, यासाठी वाटाड्या अहोरात्र हिशेब करत असे. बाकी प्रवासाला दुसरं साधन उरलं नव्हतं, आणि त्याची गरजही कुणाला वाटली नव्हती.

खैरमाळच्या थांब्यावर आबा उभे होते. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वयाच्या सत्तरीत पाठ ताठ.

"वाळलीयास," ते म्हणाले.

"तुम्ही दर वेळी तेच म्हणता."

"दर बारीला वाळूनच येतीयास."

गाव लहानसंच होतं. वर काळा उभा कडा, खाली गवताळ उतार, मधे दहाबारा घरं आणि गोठे. एकीकडून नऊ किलोमीटरचा घाटरस्ता, दुसरीकडून ओढ्याच्या घळीतून उतरणारी पायवाट. भैरूकाकांच्या जुन्या जीपमध्ये आता कोंबड्या अंडी घालत होत्या. आणि थांब्याच्या शेडमध्ये, पत्र्याखालच्या लाकडी खांबाला, एक खिळा होता. खिळ्याला सुतळीने बांधलेलं एक प्रवासकार्ड लोंबत होतं. मागच्या खेपांना घाईत तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"हे कुणाचं?"

"गावचं," आबा म्हणाले.

"गावचं म्हणजे?"

आबांनी मोठ्या खुशीत सांगायला घेतलं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कार्डं काढली. पण म्हातारी माणसं दीड-दीड महिना कुठे जातात? कार्डं बंद पडायला लागली. चालू करायला खोऱ्यातल्या मोठ्या गावाला, नवगावला, जावं लागे, आणि जायला चालू कार्ड लागे. शेवटी देवळापुढे बैठक बसली. शेरडं-म्हशी चारायला जशी घरटी पाळी असते, तशी नवगावला जायची पाळी लावायची. रोज एका घरचं एक माणूस जाईल, गावच्या कार्डावर. दूध डेअरीला घालील, हौसाक्काच्या गोळ्या, शाळेची वही, रेशन, टपाल, सगळ्यांचं सगळं आणील. आला की कार्ड खिळ्याला.

"आनि कार्ड अडकवायच्या आदी हितंच हुबं ऱ्हाऊन समद्यास्नी सांगायचं, काय आनलं आनि काय ऱ्हायलं. ऱ्हायलेलं आदी सांगायचं. आनलेलं काय, दिसतंच की. ज्येची पाळी, त्येनं उत्तर द्यायचं."

हौसाक्का पदर सावरत पुढे झाल्या. "तुजा बा परवा माज्या गोळ्या इसरला बग. सांगताना मान खाली घालून हुबा व्हता, लई बरं वाटलं मला."

सगळे हसले. कोमलचं लक्ष मात्र खिळ्याकडे होतं. तिला ते कार्ड आठवलं. शेवटचे आकडे चारशे सतरा. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच ते संगणकाच्या पडद्यावर पाहिलं होतं. रोज प्रवास करणारा, कधी दवाखाना, कधी डेअरी, कधी शाळा, कधी बँक, न थकणारा एक प्रवासी. 'आदर्श ग्रामीण प्रवासी' म्हणून तिने तो एका भाषणात दाखवला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एका फेरीत त्रेचाळीस माणसांची कामं उरकणारं हे गाव म्हणजे संस्थेने पंधरा वर्षं जे शिकवलं, त्याचा कळस होता. आणि नेमकं म्हणूनच ते नकाशावरून पुसलं गेलं होतं.

"आबा, तुम्ही लोकांनी काय करून ठेवलंय कळतंय का? यंत्राच्या लेखी इथे एकच माणूस राहतो."

"ऱ्हाऊं दे की. यंत्राला काय आमच्यात लगीन लावायचंय?"

"थांबा बंद होणार आहे. एक तारखेपासून गाडी येणार नाही."

आबांचं हसू मावळलं. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, मग धोंडीच्या सुनेकडे, जिचा हात पोटावर होता.

मग कोमल कामाला लागली. टॅबलेटवर एकेकाचा फोटो, एकेकाचा अंगठा. नेट फक्त थांब्यापाशीच मिळे, म्हणून सगळं गाव तिथेच गोळा झालं. बाराच्या सुमाराला त्रेचाळिसावी नोंद झाली आणि तिने अहवाल पाठवला. उत्तर लगेच आलं. 'नोंद मिळाली. सात दिवसांच्या फेरीत विचार होईल.' तिने सुटकेचा श्वास सोडला. चुकीला दुरुस्ती होती, आणि ती वेळेत आली होती.

तेवढ्यात भैरूकाका म्हणाले, "ह्यो वास कसला?"

धूर खालून येत होता. ओढ्याच्या घळीच्या तोंडाशी आधी पांढरा, मग करडा, मग त्याच्या बुडाशी नारिंगी रेघ. वारं पश्चिमेचं, खालून वर. ज्यांनी उभा जन्म डोंगरात काढला त्यांना वणवा समजावून सांगावा लागत नाही. धोंडी गोठ्याकडे धावला आणि म्हशींची दावी कापू लागला.

"पायवाट ग्येली," आबा म्हणाले. "रस्त्यानं जायाचं म्हनलं तर नऊ किलोमीटर. आन् वाटंत समदं गवातच हाय. म्हातारी मानसं खिंडीपतुर बी पोचायची न्हाईत."

कोमलने थांब्यावरचं लाल बटण दाबलं. शेडमधला भोंगा एकदा वाजला आणि तो ओळखीचा, शांत, मधाळ आवाज बोलू लागला. तो आवाज निवडणाऱ्या समितीतही ती होती.

"खैरमाळ. संकटाची नोंद झाली आहे. रहिवासी एक, पाहुणा एक. दोन प्रवाशांसाठी एक वाहन निघाले आहे. कृपया घाबरू नका."

हौसाक्कांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "दोन कोन गं?"

कोमल ओरडली, "घरातली सगळी जुनी कार्डं आणा. असतील तेवढी."

ट्रंकांतून, देव्हाऱ्यातून, पिठाच्या डब्यातून कार्डं आली. एकेक जण पुढे होऊन खांबावरच्या यंत्राला टेकवू लागला. लाल दिवा. 'कार्ड बंद आहे.' लाल दिवा. 'कार्ड बंद आहे.' एका म्हातारबाबांनी आपलं कार्ड धोतराला पुसून पुन्हा टेकवलं, पुन्हा पुसलं, पुन्हा टेकवलं. बाजूला गावचं कार्ड तिने स्वतः वीस वेळा टेकवलं. पहिल्यांदा हिरवा दिवा लागला, नंतरच्या एकोणीस वेळा यंत्राने ते चुकून लागलं असं समजून सोडून दिलं. हेही तिनेच शिकवलेलं होतं.

तिने सरांना फोन लावला.

"सर, इथे चव्वेचाळीस माणसं आहेत आणि वाटाड्या दोघांसाठी गाडी पाठवतोय."

"मी बघतोय. कोमल, सबंध पश्चिम उतार पेटलाय. नऊ गावं. सव्वीसच्या सव्वीस डब्या वाटून झाल्यात."

"तुमच्या अधिकारात आकडा बदला."

"माझ्या काय, कुणाच्याच हातात नाही. कुणी पुढाऱ्याने फोन करून गाडी पळवू नये म्हणून आपणच तसं केलंय ना? दुसऱ्या खोऱ्यातून गाड्या मागवल्यात. दीड तास."

पडद्यावर आगीचा अंदाज येत होता. खैरमाळ, पन्नास मिनिटं.

एकच वाट उरली होती, आणि ती कोमलला बटण दाबायच्या आधीपासून ठाऊक होती. म्हणूनच ती इतका वेळ तिच्याकडे पाहत नव्हती.

वाटाड्यात 'विभाजन' नावाची एक सोय होती. एकाच कार्डाच्या चाली तपासून त्यामागे किती वेगवेगळी माणसं असावीत, हे ती ओळखत असे. कुणी हळू चढतं, कुणी दवाखान्यात तासभर थांबतं, कुणी शाळेच्या वेळेलाच जातं. शहरात नवराबायको एकच कार्ड वापरत, तिथे ती उत्तम चाले. पण खोऱ्यात दोन वर्षांपूर्वी करंजखोपच्या सरपंचाने एका रिकामटेकड्या माणसाला दिवसभर नाना तऱ्हांनी फिरवून गावची लोकसंख्या फुगवली आणि जादा डब्या मिळवल्या. वाटाड्याने नसलेली माणसं मोजली. तेव्हा कोमलने टिपण लिहिलं आणि विभाजन बंद केलं. आकडा कुणालाच बदलता येत नव्हता, पण मोजायची रीत तिच्या हातात होती. चालू करायचं तर सबंध खोऱ्यासाठी करावं लागे. एका गावापुरतं करता येत नव्हतं. चारशे सतराच्या कार्डातली खरी माणसं जिवंत होतील, आणि त्यांच्याबरोबर करंजखोपची ती भुतंही.

टॅबलेटवर प्रश्न आला. 'या बदलाने वाहनांची फेरवाटणी होईल. पुढे जायचे?'

धोंडीची सून शेडच्या खांबाला धरून ओकत होती. धूर आता घशात जाणवत होता. आबा म्हाताऱ्यांना ओळीने बसवत होते.

तिने 'होय' दाबलं.

चार मिनिटं लागली. मग आकडे पालटले. खैरमाळ एकचं बेचाळीस झालं. घाटात निघालेल्या एका डबीच्या मागे सात ठिपके वळून येऊ लागले. कोमलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने यादी खाली सरकवली.

करंजखोप, तीसचे बहात्तर. डब्या पाच होत्या, त्या बारा.

पाथरगाव, सतरा. डब्या तीन होत्या, ती एक. दुसरी फेरी पंचावन्न मिनिटांनी.

पाथरगाव म्हणजे पलीकडच्या सोंडेवरची वस्ती. तिथल्या सतराही माणसांकडे सतरा कार्डं होती. त्यांनी सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. पाथरगावचा आगीचा अंदाज होता चाळीस मिनिटं. बाकीच्या सहा गावांच्याही डब्या घटल्या होत्या, पण तिथे आग पोचायला दोन तास होते, दुसरी फेरी वेळेत जात होती.

तिने पुन्हा सरांना फोन केला. आवाज चिरकला. "सर, करंजखोपचे बहात्तर खोटे आहेत! तिथल्या गाड्या पाथरगावला वळवा, कसंही करून!"

"तू विभाजन चालू केलंस? मी करंजखोपच्या सरपंचाला फोन लावतो. लोकांना सांगतो गाड्या सोडा म्हणून. बघतो मी."

'मी बघतो' म्हणजे काय, हे कोमलला कळत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. 'बदल मागे घ्या.' ती दाबली असती तर फिरलेल्या दोन्ही डब्या पाथरगावला परत वळल्या असत्या. आणि खैरमाळला एक आली असती, दोन माणसांसाठी. चौकटीखाली वेळ उलटी मोजली जात होती. अकरा मिनिटं. दहा. तिचं बोट चौकटीवर होतं. सर फोन लावतायत, सरपंच ऐकेल, करंजखोपच्या गाड्या मोकळ्या होतील, असं ती मनाशी घोकत राहिली. सहा. पाच.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"गाड्या निघाल्या," ती म्हणाली.

चौकट विझली तेव्हा तिचं बोट अजून तिथेच होतं.

आठ डब्या एकामागोमाग आल्या. पहिल्यांदा म्हातारे, मग बाया, धोंडीची सून दोघींच्या आधाराने. हौसाक्का चढेचना. "म्हस कुटं हाय माजी?" म्हणून रडू लागल्या, तेव्हा भैरूकाकांनी त्यांना उचलूनच आत ठेवलं. आबा सगळ्यांत शेवटी आले. दार लागता लागता ते खाली उतरले, शेडकडे धावले, खिळ्यावरचं कार्ड सुतळीसकट ओढून घेतलं आणि परत चढले. गाडी वळली तेव्हा जीपच्या टपावरून कोंबड्या उडत होत्या आणि पहिल्या गोठ्याचं छप्पर पेटलं होतं. घाटात दोन्ही बाजूंना धूर होता. आत तो मधाळ आवाज दर किलोमीटरला सांगत होता, की प्रवास सुरक्षित आहे.

संध्याकाळी नवगावच्या शाळेच्या सभागृहात नऊ गावांची माणसं सतरंज्यांवर बसली होती. खैरमाळची त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. आबांनी दोनदा मोजली. धोंडीच्या सुनेला दवाखान्यात नेलं होतं, पोटातलं बाळ ठीक होतं. लोक कोमलच्या डोक्यावरून हात फिरवून जात होते. "पोरीनं गाव वाचीवलं," असं कुणीतरी म्हणालं आणि ते सभागृहभर झालं. तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

सरांचा फोन आला. त्यांचा आवाज खूप दमलेला होता. "सरपंचाने फोन उचललाच नाही. कोमल, ऐक. चौकशी होईल. पण बदल कुणी केला याची नोंद राहत नाही. वाटाड्याला नावं माहीतच नसतात. आपण म्हणू, संकटात यंत्राने आपोआप फेरवाटणी केली. तू काही बोलू नकोस. एवढी माणसं वाचलीत तुझ्यामुळे."

तिने फोन ठेवला. तेवढ्यात दारातून पाथरगावची माणसं आली. तोंडं काळवंडलेली, पाय फुटलेले. सहा माणसं डबीतून आली होती, बाकीची पायी. एक पन्नाशीची बाई भिंतीला टेकून बसली. तिच्या लुगड्याचा काठ करपला होता. तिला शेवंता म्हणत होते. कुणीतरी पाणी दिलं, ते तिने हातातच धरलं.

"तीन गाड्या सांगितल्या हुत्या," ती सांगू लागली, आणि आजूबाजूची माणसं तिच्याकडे वळली. "एक आली. दोन म्होरच्या वळनावर दिसल्या. लाल दिवं दिसलं मला, ह्या डोळ्यांनी. मग तितनंच फिरल्या माघारी. आमी हात केलं, वरडलो. सासू चालाय येत न्हाई म्हनून मालक तिच्यापाशी ऱ्हायलं. म्हनलं, तुमी व्हा म्होरं, दुसरी गाडी यील." तिने पाण्याकडे पाहिलं. "पंधरा जनं आलो. दोगं ऱ्हायली."

बाईच्या आवाजात राग नव्हता, आणि कोमलला तेच सहन होईना. तिला वाटलं, आता इथून उठावं, पुण्याला आपल्या खोलीवर जावं, दार लावून घ्यावं. कुणालाही कधीही कळणार नव्हतं.

आबा तिच्याजवळ बसले होते. ते शेवंताबाईंकडे पाहत होते. मग त्यांनी कोमलच्या मांडीवरच्या टॅबलेटकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. दुपारी शेडमध्ये ती किती वेळ पडद्यावर एकच बोट धरून बसली होती, ते त्यांनी पाहिलं होतं.

"त्या गाड्या कुनी फिरवल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

कोमलने टॅबलेट पालथा करून मांडीवर दाबून धरला.

आबांनी डोळे मिटले. मग खिशात हात घातला आणि सुतळीला बांधलेलं कार्ड बाहेर काढलं. कोमलची मूठ त्यांनी उघडली, त्यात ते ठेवलं आणि मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"आज पाळी तुजी हुती."

"आबा, मी तुमच्यासाठी... तुम्ही सगळे तिथे... मला दुसरं काही सुचलं नाही."

"ठावं हाय मला. तुज्याजागी मीबी त्येच क्येलं असतं. आमी जगलो, त्येबी सांग. पन ऱ्हायलेलं आदी सांग."

"ती मला मारेल."

"मारूं दे. मी हाय संगट."

कोमल उठली. सतरंज्यांवरच्या माणसांतून वाट काढत ती भिंतीपाशी गेली. खैरमाळची माणसं कौतुकाने तिच्याकडे बघत होती. हौसाक्कांनी तिला हात केला. तिने तो पाहिला आणि पुढे गेली. शेवंताबाईंसमोर ती उभी राहिली, आणि मुठीतलं कार्ड तिला रुतत होतं.

शेवंताबाईंनी मान वर केली. "काय गं लेकी?"

कोमलने मान खाली घातली. मग, पाळीवरून आलेलं माणूस सांगतं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगायला सुरुवात केली.

"मी खैरमाळची कोमल झोरे. काय राहिलं, ते आधी सांगते."